कापडी फुलांची सुधारित लागवड: लखनौ परिसरासाठी हंगामी सल्ला

मराठी लग्नात रुखवत मांडावे लागते आणि रुखवतातल्या निम्म्या वस्तूंना कापडी फूल लागते. कारण उघड आहे. पुठ्ठ्याच्या तुळशीवृंदावनाचा सांधा दिसतो, खोबऱ्याच्या वाटीवरची टिकली तिरपी बसते, सुपारीच्या नवरदेवाला मान नसते. जिथे खोट तिथे फूल, हे या पिकाचे मूळ तत्त्व. महाराष्ट्रात हे पीक घरोघरी विनासायास येते. नोकरीपायी लखनौत स्थिरावलेल्या मराठी घरात मात्र मुलीचे लग्न ठरले की दागिन्यांच्याही आधी ‘फुलं कोण करणार?’ हा प्रश्न निघतो. सदर सल्ला अशा होतकरू लागवडदारांसाठी आहे.

लखनौत येऊन वर्गवारी करण्याची मराठी परंपरा जुनी आहे. रागांना दहा थाटांत बसवणाऱ्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या खटपटीतून १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज निघाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. कापडी फुलांना दहा थाट लागत नाहीत. वाण दोनच: संकरित आणि देशी.

संकरित वाणात सॅटिन, नेट आणि हल्लीचा बहुतेक ऑर्गंझा येतो; म्हणजे पॉलिएस्टर. देशी वाण म्हणजे मलमल, कॅम्ब्रिक, सुती सगळे. दुकानदार काहीही सांगो, एक धागा ओढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास सोडून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही चाचणी वधूच्या शालूवर घेऊ नये.

संकरित वाणाची लागवड मेणबत्तीवर होते. लहानमोठ्या गोल पाकळ्या कापून त्यांची कड ज्योतीच्या बाजूला, थोडी दूर धरावी. कड आपोआप आत वळते आणि धागे सुटायचे थांबतात. ज्योतीच्या शेंड्यावर धरल्यास काजळी बसून गुलाबाचा कोळसा होतो. मोठी पाकळी खाली, लहान वर, मध्ये मोती, की झाले. अडचण फक्त हवामानाची. मे महिन्यात लखनौला लू वाहते. पंखा लावला तर मेणबत्ती विझते, बंद केला तर लागवडदार. सबब हे पीक रब्बीतच, तुळशीच्या लग्नानंतर घ्यावे. त्या दिवसांत चौकात मक्खन मलाई मिळते, म्हणजे मजुरीचाही प्रश्न सुटतो.

देशी वाण आगीला दाद देत नाही, पेटतो. त्याला शिस्त सुईने लावावी लागते. उरेब कापलेली पट्टी घ्यावी, कारण तिरप्या कापाचे धागे सहसा सुटत नाहीत. ती लांबीत दुमडून मोकळ्या कडेला धावदोरा घालावा, दोरा ओढून चुण्या पाडाव्यात आणि पट्टी स्वतःभोवती गुंडाळत खालून टाके घ्यावेत. गुलाब झाला. मान टाकत असेल तर आधी साबुदाण्याची खळ द्यावी. घाई असल्यास दहा सेंटिमीटरचा गोल कापून, कड आत मुडपून, भोवती धावदोरा घालून ओढावा. साडेचार सेंटिमीटरचे फूल हाती येते. उरलेले कापड कुठे गेले असे विचारू नये, ते फुलाच्या पोटात असते.

बियाणे खरेदीसाठी अमीनाबादेत जावे. तिथे बांगड्या, लेस, मणी, फुंदे यांनी गच्च भरलेल्या बाजाराचे नाव गडबडझाला आहे, आणि नगरनियोजनात इतका प्रामाणिकपणा इतरत्र दुर्मीळ. रिबीन मागताना ‘गुलाबी’ म्हणून मोकळे होऊ नये.

‘भैया, गुलाबी दिखाइए.’

‘बहनजी, जो आपने हाथ में ली है वो प्याज़ी है. आपको फ़ालसई तो नहीं चाहिए?’

इथे मान डोलवावी. तीन छटा घेऊन घरी यावे आणि त्या तिन्ही आपल्याला हव्याच होत्या असे सांगावे.

आता जमिनीची निवड, आणि इथे चूक झाली तर क्षमा नाही. लखनौत राहतो म्हणून काही उत्साही मंडळी रुखवतातला रुमाल चिकनचा घेतात आणि त्यावर सॅटिनचा गुलाब चिकटवतात. हे आंतरपीक घेऊ नये. त्या रुमालात आधीच पीक उभे आहे. चिकनचे कापड आधी लाकडी ठशांनी, धुतल्यावर जाणाऱ्या निळ्या रंगात छापतात. मग ते भरायला शहरातल्या गल्ल्यांत आणि काकोरी, मलिहाबादकडच्या गावांत, बहुतेक करून बायकांकडे जाते. तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री, त्याहून बारीक गोल फंदा. जालीत तर धागा कापतही नाहीत. आडवे-उभे धागे सुईने बाजूला सारून आवळतात आणि पाकळीत जाळी उमटते. बखियाची खरी मेहनत कापडाच्या मागे असते. टाके उलट्या बाजूला भरतात, सुलट्या बाजूला मलमलीतून पाकळीची नुसती सावली दिसते. शेवटी धोबी निळा रंग धुऊन काढतो आणि छापणाऱ्याचा मागमूस उरत नाही. भरणारीचा तरी कुठे उरतो? मजुरी नगावर, मध्ये दलालांची साखळी. ती साखळी टाळून बायकांना काम आणि मोबदला थेट मिळावा म्हणून सेवा लखनौ ही संस्था १९८४ साली सुरू झाली. डिसेंबर २००८ मध्ये चिकनला भौगोलिक मानांकनही मिळाले. असा रुमाल हातात आल्यास पिकाची हौस आवरावी आणि फूल पुठ्ठ्यावर लावावे. पुठ्ठा तक्रार करत नाही.

चिकटवण्यासाठी ग्लू गन वापरणाऱ्यांना पांढऱ्या कोळ्याचा प्रादुर्भाव जाणवेल. फूल दाबून हात उचलला की गोंदाचे तंतू सर्वत्र पसरतात. ते थंड झाल्यावर चिमटीने काढावेत. गरम असताना काढल्यास बोटाचा ठसा कायमचा रुखवतात जमा होतो. याहून चिवट कीड म्हणजे दुपारच्या चहाला येणाऱ्या आत्याबाई. ‘आमच्या वेळी जुन्या ओढण्यांची करायचो हो, काय सुरेख व्हायची!’ अशी तिची पहिली लक्षणे. फवारणीचा उपयोग नाही. तिच्या हातात सुई द्यावी. पाचव्या फुलाला चष्मा सापडत नाही आणि प्रादुर्भाव आपोआप ओसरतो.

तपासणी मांडवात होते. वरमाई समोरून कौतुक करतात, तोरण हलकेच उचलतात आणि उलटे करून पाहतात. त्यासाठी प्रत्येक फुलामागे फेल्टची गोल टिकली लावावी. बखिया येत नसलेल्यांना मागची बाजू झाकण्याचा एवढाच उपाय आहे.

लग्नानंतर पीक वाया घालवू नये. फुले उचकटून, पुसून, कापूर घातलेल्या डब्यात ठेवावीत. पुढच्या मावसबहिणीच्या रुखवताला ती पुन्हा लागतात. डब्यावर मात्र कोणत्या घरच्या लग्नात मिरवली ते तारखेसह लिहावे. फालसई गुलाब ज्या सासरी एकदा गेला तिथेच धाकट्या सुनेबरोबर परत पोचला, तर वरमाई तो मागच्या टिकलीवरून ओळखतात.