खारीचा वाटा आणि न्हाणीतला पाहुणा

"अवो वहिनी, तुमच्या खारीनं माझे जांब कुरतडले! खारीचा वाटा म्हणे, अख्खं झाड नेलं तिनं."

सांदवाडीतली खार माझी कधी झाली, देव जाणे. पण काकूंना कुंपणाशी यायला निमित्त लागतंच कुठं?

"खाऊ द्या ना जी. तिचा थोरला भाऊ महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे."

"कोण भाऊ?"

"शेकरू. दोन किलोपर्यंत वजन, तांबूस अंग, खाली उतरायचं नावच नाही. १९८५ मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते त्याच्यासाठीच. आपल्या विदर्भात मेळघाटात आहे."

"अन् माझ्या न्हाणीतल्या त्या पाहुण्याला काय मान?"

पाहुणा म्हणजे झाडबेडूक. नळामागं पाय पोटाशी घेऊन चिकटलेला, बोटांच्या टोकांना टिकलीएवढ्या चकत्या, रंग कधी पिवळट तर कधी तपकिरी. काकू झाडूनं हाकलतात, रात्री स्वारी परत हजर.

"त्याला कसला मान? राज्याला हरियाल पक्षी आहे, २०१५ पासून फुलपाखरूही आहे. बेडकाचं नाव कुणी काढत नाही."

"मंग धोक्यात आहे का बिचारा?"

"नाही जी. जगाच्या लाल यादीत खार, शेकरू अन् हा, तिघंही कमी काळजीच्या रकान्यात. शेकरू तेवढे घटताहेत म्हणतात."

"मंग झालं तं!"

झालं कसं? यादी सगळ्या मुलखाचा हिशेब ठेवते, आपल्या गावच्या बोडीचा नाही. खार तशी खमकी. झाड तोडलं तर ती पंख्याच्या वाटीत चिंध्या कोंबून संसार थाटेल. बेडकाचं तसं नाही. पावसाळ्यात मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला नाहीतर टाक्याच्या भिंतीला मागच्या पायांनी फेस घुसळते अन् त्यात अंडी घालते. फेस वरून सुकतो, आत ओला राहतो, मग पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. अन् खालची बोडीच बुजवलेली असली तर? तलावांचा जिल्हा म्हणून मिरवायचं आपण! त्यात बेडूक पाणी पितो ते कातडीनं. धानाच्या बांधीतलं औषधही तिथूनच आत शिरतं.

"बाप्पा! आधी तं म्हणे बेडकाच्या तंगड्या परदेशी जात होत्या."

"मोठ्या बेडकांच्या. १९८७ मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. हा किडमिडा कुणाच्या ताटात जायचा?"

खारीची चिंता मला नाही, बेडकाची आहे. तेव्हा काकू, टाक्याच्या भिंतीला पांढरा फेस दिसला तर फिनेल ओतू नका, काही दिवस राहू द्या. अन् जांबाला जाळी बांधा.