पोथीवाला

त्याच्याकडे गाणी ऐकायला जायचं तर सगळ्या शंका घरूनच मिटवून जावं. एकदा अल्बम सुरू झाला की मध्ये उठता येत नाही. चहा आधी होतो किंवा नंतर. बेल वाजली तर वाजू द्यायची.

ऐकायला बसताना तो एक काळा टीशर्ट घालतो. 2008 च्या फेब्रुवारीत आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, तेव्हाचा. आता त्याला काळा म्हणणं ही निव्वळ श्रद्धा आहे. हा टीशर्ट बाहेर घालून जायचा नाही, इतर कपड्यांत धुवायचा नाही. आई त्याला सरळ सोवळं म्हणते.

लाडकी पोथी म्हणजे जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनचा 1998 चा ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’. ट्रॅक बावीस. त्यातले निम्म्याच्या आसपास गाणी नव्हेतच. कुठे दोन माणसं बोलतायत, कुठे तलवारी खणखणतायत. तिसरा ट्रॅक तर अर्ध्या मिनिटाचाही नाही, नुसता आरडाओरडा. एकदा त्याच्या बहिणीनं गाडीत शफल लावलं आणि भीमसेनांच्या अभंगानंतर थेट ही आरोळी आली. बहीण घाबरली. हा संतापला, पण वेगळ्याच कारणानं: ‘अगं, दुसऱ्याशिवाय तिसरा लागूच कसा शकतो?’

आधी पूर्वरंग असतो. टोल्किन 1973 साली गेले, हा अल्बम ज्यावर बेतलाय ते ‘सिल्मरिलियन’ त्यांच्या मुलानं सिद्ध करून 1977 साली छापलं, इथपासून सुरुवात. मग फेआनोरनं घडवलेली तीन रत्नं, ती पळवणारा मॉर्गॉथ, ती परत मिळवायची बापानं आणि सात मुलांनी घेतलेली शपथ. एवढं निरूपण ऐकून आई भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘म्हणजे स्यमंतक मणीच की रे.’

‘स्यमंतक एक होता. ही तीन आहेत,’ तो म्हणाला, आणि दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

वडिलांसाठी त्याच्याकडे वेगळा दाखला आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सारुमान, म्हणजे क्रिस्टोफर ली, यांनी शार्लमेन राजावर मेटल अल्बम काढले, दुसरा 2013 साली, नव्वदी उलटल्यावर. ‘बघा, या वयात!’ वडील म्हणाले, ‘या वयात मलाही ओरडावंसं वाटतं.’ रिक वेकमननं 1975 साली आर्थर राजाची कथा लंडनमध्ये बर्फावर सादर केली आणि सरदार स्केटिंग करत लढले, हे मात्र तो पाहुण्यांना सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘प्रत्येक घराण्यात एखादा काका असतो.’

मला विचाराल तर त्याची चूक काहीच नाही. त्याची आजी गुरुचरित्राचा अध्याय अर्धवट टाकून दारही उघडत नसे. ह्यानं फक्त आवाज वाढवला.

नातेवाइकांना वळवायला त्यानं हुकमाचं पान राखून ठेवलं होतं: मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 2017 चा ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. कुडाळकडची मावशी आली तेव्हा त्यानं तिला समोर बसवलं. गायकाचा घशातला गुरगुराट सुरू झाला तसे आम्ही तिच्याकडे बघायला लागलो. ती मांडी घालून शांत. जत्रेत देवळापुढे पहाटेपर्यंत दशावतारी बघत वाढलेली बाई. राक्षसाचा आवाज म्हणजे तिला माहेरचा. दहाही गाणी तिनं ऐकली, एकदाही उठली नाही. त्याचे डोळे भरून आले.

‘सगळा बरा आसा,’ मावशी म्हणाली, ‘पण संकासूर खंय?’

तो अल्बमची पुस्तिका उघडून मत्स्याच्या पानावर बोट फिरवत बसला. तोवर मावशी चहा टाकायला उठली.