इंटरस्टेट सोडा, पोटोसी गाठा

शिकागोकडचं मराठी कुटुंब विस्कॉन्सिनला जातं म्हणजे डेल्सला जातं. इंटरस्टेट ९० धरायचा, वॉटर पार्कमध्ये दोन दिवस पोरांना भिजवायचं, रविवारी रात्री घरी. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा मागच्या सीटवर बसलेले असतात. त्यांना या राज्यातलं काय दिसतं? पेट्रोल पंप, प्रत्येक एक्झिटला तेच बर्गरवाले आणि क्लोरीनचा वास मारणारं हॉटेल. एवढ्यासाठी त्यांना सातासमुद्रापलीकडून बोलावलं का?

मॅडिसनला गाडी पश्चिमेकडे वळवा. पुढचे तीन दिवस इंटरस्टेटचं तोंड पाहायचं नाही.

हिमयुगात आजूबाजूचा मुलूख हिमनद्यांनी घासून सपाट केला. नैऋत्य विस्कॉन्सिनचा हा तुकडा मात्र त्यांच्या तडाख्यातून सुटला. भूगोलवाले त्याला ‘ड्रिफ्टलेस’ प्रदेश म्हणतात. म्हणून इथे टेकड्या आहेत, वळणांचे रस्ते आहेत, चुनखडीच्या गुहा आणि झरे आहेत. झऱ्याचं पाणी आणि गुहेतला गारवा! फ्रिज नव्हते तेव्हा बिअर मुरवायला आणखी काय हवं होतं? शिसं खणायला कॉर्निश खाणकामगार आले, जर्मन आणि स्विस येऊन स्थिरावले, आणि गावोगाव भट्ट्या पेटल्या. इथली बिअर ही कुणा मार्केटिंगवाल्याची कल्पना नाही, ती इथल्या जमिनीतून आलेली आहे.

पोटोसी हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. मॅडिसनपासून साधारण दीड तास, मिसिसिपीच्या जवळ, सातशेच्या आत वस्ती. दरीतून जाणारा एक लांबलचक मेन स्ट्रीट, आणि त्यावर १८५२ सालची दगडी ब्रुअरी. दारूबंदीची तेरा वर्षं ती तगली, पण मोठ्या राष्ट्रीय ब्रँडांपुढे टिकली नाही. १९७२ मध्ये कुलूप लागलं. तो काळच तसा होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या अमेरिकेत शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. आज नऊ हजारांवर आहेत. पोटोसीची इमारत वर्षानुवर्षं पडत राहिली. छप्पर गेलं, भिंतीतून झाडं उगवली. बहुतेक गावांत अशा जागी पुढे पार्किंग होतं.

इथे गावाने फाउंडेशन काढलं, पैसा उभा केला, आणि २००८ मध्ये ब्रुअरीची दारं पुन्हा उघडली. खाली ब्रूपब, वर राष्ट्रीय ब्रुअरी संग्रहालय. बिअरच्या बाटल्या, ट्रे, कोस्टर, पाट्या जमवणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांच्या संघटनेला आपल्या वस्तू मांडायला जागा हवी होती. मिलवॉकीसारखी बिअरची राजधानी शर्यतीत असताना मान मिळाला तो या खेड्याला. वरच्या मजल्यावर शंकूच्या तोंडाचे जुने डबे नीट पाहा. बाटलीसारखं निमुळतं तोंड आणि त्यावर बाटलीचंच बूच. बाटल्या भरणाऱ्या जुन्या यंत्रांवर डबेही भरता यावेत म्हणून लहान ब्रुअऱ्यांनी ही युक्ती वापरली. नवं यंत्र घ्यायला पैसे नसलेल्या धंद्याची अक्कल त्या पत्र्यात दिसते. ब्रुअरी फाउंडेशनच्या मालकीची आहे, आणि नफा कुणा भागधारकाच्या खिशात न जाता समाजकार्याला जातो. सहकाराची भाषणं ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या माणसांनी हे गाव बघितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं टोक न्यू ग्लॅरस. १८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस परगण्यातून आलेल्या माणसांनी वसवलेलं गाव. डेबोरा आणि डॅनियल केरी या जोडप्याने १९९३ मध्ये तिथे ब्रुअरी काढली. त्यांची ‘स्पॉटेड काऊ’ बिअर राज्याबाहेर विकायला मिळत नाही. मध्यंतरी काही वर्षं शेजारच्या इलिनॉयमध्ये ती विकून पाहिली, २००२ मध्ये बंद केली. तिथून आजतागायत फक्त विस्कॉन्सिन. गोव्याची फेणी ‘देशी दारू’ या सरकारी शिक्क्यामुळे कित्येक वर्षं गोव्यातच अडकून पडली होती. केरींनी मात्र स्वतःच्या मर्जीने राज्याची सीमा आखून घेतली. वाढ म्हणजे पसरणं, हे धंद्यातलं पहिलं सूत्र त्यांनी मोडलं. त्यामुळे माल माणसांकडे जात नाही, माणसं गावात येतात, आणि आली की बेकरीतही शिरतात. छोट्या गावाला जगवायचं असेल तर याहून सरळ धोरण मला दिसत नाही.

मन्रोला थांबा ते लिम्बर्गरसाठी. उग्र वासाचं हे चीज अनेक दशकं अमेरिकेत एकट्या मन्रोच्या सहकारी संस्थेने बनवलं. चौकातल्या बाउमगार्टनरच्या दुकानात ते राय ब्रेडवर कच्चा कांदा आणि मोहरीबरोबर देतात. सुकटीच्या वासाला सरावलेल्या माणसाने नाक मुरडू नये. याच गावातली १८४५ पासूनची ब्रुअरी २००६ मध्ये मनजित आणि रविंदर मिन्हास या कॅनडातल्या पंजाबी भावाबहिणीने विकत घेतली. तिच्या दारावर आज मिन्हास हे नाव आहे. आई-बाबांना हे जरूर सांगा.

आता रस्त्याकडेची नवलं. ‘हाउस ऑन द रॉक’चं नाव सगळे घेतात. १९६० पासून लोकांना खुलं असलेलं, अॅलेक्स जॉर्डनने खडकावर बांधलेलं घर. दरीवर २१८ फूट पुढे झेपावणारी, खाली आधार नसलेली एक खोली, आणि २६९ प्राण्यांचं मेरी-गो-राउंड ज्यात साधा घोडा एकही नाही. त्या दोन गोष्टी बघा. बाकी दालनामागून दालनं अंधारातला पसारा आहे, ज्येष्ठांचे गुडघे दुखतील. तिकीटही स्वस्त नाही. मिडलटनचं मोहरी संग्रहालय मात्र फुकट आहे आणि मनाने श्रीमंत आहे. बॅरी लेव्हन्सन हे राज्य सरकारचे वकील. १९८६ मध्ये त्यांचा बेसबॉल संघ अंतिम मालिका हरला, त्या दुःखात ते रात्री सुपरमार्केटमध्ये शिरले आणि मोहरीच्या बाटल्या जमवू लागले. पुढे नोकरी सोडून त्याचंच संग्रहालय केलं. सहा हजारांवर बाटल्या आहेत.

डिकीव्हिलला तर पोटोसीहून जाता जाता थांबता येतं. मथायस वर्नेरस या जर्मन पाद्र्याने १९२५ ते १९३० या काळात चर्चशेजारी दगड, शिंपले, रंगीत काच आणि फुटक्या चिनी मातीची देवघरं उभारली. भिंतीला डोळा लावून पाहा. रत्नासारखा चमकणारा गोळा जुन्या मोटारीच्या गिअरची मूठ निघते. गावकऱ्यांनी घरातलं फुटकं-तुटकं आणून दिलं आणि पाद्र्याने त्याचं देवाला चढवायचं लेणं केलं.

आणि एकच ठिकाण बघायला वेळ असेल, तर बॅराबूच्या दक्षिणेला हायवे १२ वरचा फॉरेव्हरट्रॉन. टॉम एव्हरी या माणसाचा धंदा जुने कारखाने पाडून भंगार विकण्याचा. १९८३ मध्ये त्याने पाडणं थांबवलं आणि जोडायला घेतलं. स्वतःला डॉ. एव्हरमोर असं नाव दिलं, व्हिक्टोरियन काळातल्या शास्त्रज्ञाची कथा रचली, आणि त्या शास्त्रज्ञाला स्वर्गात उडवणारं सुमारे तीनशे टनांचं लोखंडी यंत्र उभं केलं. एडिसनच्या काळातले डायनॅमो त्यात आहेत, अपोलो मोहिमेतली निर्जंतुकीकरणाची कोठी आहे, आणि सगळ्यात वर तांब्याचं अंडं, ज्यात बसून डॉक्टर निघणार. भोवती पक्ष्यांचा वाद्यवृंद उभा आहे: धड जुन्या वाद्यांचं, बाकी अवयव भंगारातले. रस्त्यापलीकडे लष्कराचा दारूगोळ्याचा जुना कारखाना होता. युद्धाच्या कारखान्यासमोर एका भंगारवाल्याने लोखंडाची अशी बाग केली. एव्हरी २०२० मध्ये गेला. हे काम अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात असतं तर त्याला पंचवीस डॉलर तिकीट आणि दोन तासांची रांग असती. इथे गवतातून चालत जाऊन हात लावता येतो.

एक गोष्ट खडसावून सांगायची आहे. अमेरिकेत पहिल्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडल्यावर तो गुन्हा न मानता नुसता दंडाचा मामला मानणारं विस्कॉन्सिन हे एकमेव राज्य आहे. ही या राज्याची शरम आहे, सवलत समजू नका. इथले रस्ते अरुंद, वळणांचे, रात्री हरणं आडवी येणारे. ‘एकच ग्लास घेतला’ हा हिशेब या रस्त्यांवर चालत नाही. दिवसाला एकच ब्रूपब ठेवा आणि मुक्काम त्याच गावात करा. चालक सकाळीच ठरवा, बिअर समोर आल्यावर नाही. तिघांनी एक छोट्या ग्लासांचा ट्रे वाटून घेतला तरी चव कळते, आणि न पिणाऱ्या आईसाठी पोटोसीत तिथलीच रूट बिअर मिळते.

सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. हिवाळ्यात यातलं बरंच बंद असतं आणि सोमवार-मंगळवारी निम्मं गाव सुट्टीवर असतं, तेव्हा निघण्याआधी फोन करून वेळा विचारून घ्या. शुक्रवारी पोहोचलात तर संध्याकाळी कुठेही फिश फ्राय खा. सगळं गाव तिथेच जेवायला बसलेलं असतं.