परमुलखी मान कशी हलवावी: ग्वाल्हेरगामी रसिकांसाठी शास्त्रोक्त विवेचन

परगावी गाणे ऐकायला निघालेल्या माणसाला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. गरम कपडे घ्या, बाहेरचे पाणी पिऊ नका, रिक्षात बसण्याआधी भाडे ठरवा, हे सगळे पुन्हापुन्हा सांगून होते. तिथे पोचल्यावर मानेचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. मान काय, बरोबर येणारच, असे धरून चालल्याने या अवयवाची जी शतकानुशतके उपेक्षा झाली, ती दूर करण्यासाठी प्रस्तुत प्रबंध.

शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे आधी अनुबंधचतुष्टय सांगतो. विषय: मान. प्रयोजन: शेजारी बसलेल्या जाणकाराच्या नजरेतून न उतरणे. संबंध: मान आणि सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) यांच्यातला, जो खऱ्या रसिकात कार्यकारणभावाचा व इतरांत निव्वळ योगायोगाचा असतो. अधिकारी: डिसेंबरात मुंबईहून पंजाब मेल किंवा पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पकडून ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला निघालेला कोणीही मराठी माणूस, मग त्याने घरी ‘जरा कामासाठी जातोय’ असे सांगितलेले असो वा नसो.

येथे पूर्वपक्षी उठून म्हणतो की मान हलणे ही नैसर्गिक क्रिया आहे, तिला शास्त्र कशाला? त्याला आम्ही थेट ब्वेनोस आयर्सला नेतो. तिथल्या टँगोच्या संध्याकाळी, ज्यांना मिलोंगा म्हणतात, जुन्या रिवाजात कोणी कोणापुढे जाऊन ‘नाचता का?’ असे विचारत नाही. लांबूनच नजरेला नजर भिडते, एक जण किंचित मान झुकवतो, समोरून तशीच मान हलली तरच तो खुर्ची सोडतो. या प्रकाराला काबेसेओ म्हणतात. परक्या मुलखातून आलेल्या आणि मानेला आळोखेपिळोखे देण्याची सवय असलेल्या प्रवाशाचे इथे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एकदा होकार गेला की तीन-चार गाण्यांचा अख्खा संच त्याच जोडीदाराबरोबर नाचायचा. मध्येच सौजन्याने ‘आभारी आहे’ म्हटले तर ‘आता पुरे’ असा अर्थ होऊन जोडीदार निघून जातो. सभ्य माणसाची सगळी शिकवण इथे उलटते. युनेस्कोने २००९ साली टँगोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले ते अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावे, म्हणजे घराण्याचा वाद तिथेही आहे. २०२३ साली याच संस्थेने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर ठरवले. तेव्हा दोन्हीकडच्या मानांचा तौलनिक अभ्यास आता टाळता येण्यासारखा नाही.

भेद मुळातच आहे. टँगोत मान प्रश्न विचारते. ग्वाल्हेरीत ती उत्तर देते, आणि उत्तर चुकले की आजूबाजूच्या वीस माणसांना कळते.

या विद्येसाठी ग्वाल्हेरला जाणे ही मराठी माणसाची जुनी खोड. इचलकरंजीकर बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरी गायकी शिकायला तिकडे गेले, वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती विद्या त्यांनी मिरजेकडे आणली. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडीच्या मुलखातून तिथवर जाऊन निसार हुसेन खाँसाहेबांपुढे बसले. या थोर प्रवाशांच्या चरित्रांत कष्ट, उपास, गुरुसेवा यांचे भरपूर तपशील असतात. ऐकताना त्यांची मान कशी हलत असे, यावर एक ओळ सापडत नाही. चरित्रकारांची ही बेपर्वाई अक्षम्य आहे.

याहून महत्त्वाचा दाखला हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या ग्वाल्हेरी गवई बंधूंचा. आख्यायिका अशी की शिंद्यांच्या दरबारी असलेल्या बडे महंमद खाँ यांची गायकी या बंधूंना हवी होती आणि महंमद खाँ शिकवणार नव्हते. म्हणून या दोघांना पडद्याआड बसवून कित्येक महिने ऐकवण्यात आले. पुढे दोघांनी तीच गायकी दरबारात गाऊन दाखवली. विद्याचोरीच्या अंगाने या कथेवर पुष्कळ चर्चा झाली आहे, मानेच्या अंगाने झालेली नाही. आमचे प्रतिपादन असे: पडदा हलला असता तर भांडे फुटले असते. म्हणजे तशी गायकी समोर चालू असताना हे दोन भाऊ महिनोन्महिने मान न हलवता बसले. ऐकण्याच्या इतिहासात यापेक्षा कठोर तप झालेले नाही. नवख्या प्रवाशाने पहिला दिवस या व्रतात काढावा, अशी आमची शिफारस आहे. पडदा मिळणार नाही, शाल चालेल.

दुसऱ्या दिवशी मुख्य विषयाला हात घालावा, तो म्हणजे सम. येथे महाराष्ट्रातल्या रसिकाची एक स्थानिक अडचण आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला, आणि तोही डिसेंबरातच होतो. पुण्याची मान अनेक पिढ्या किराणा घराण्याच्या संथ एकतालावर वाढली आहे. सम येईपर्यंत शेजाऱ्याची चौकशी करून होते. ती मान तशीच गाडीत घालून ग्वाल्हेरला नेली की घोटाळा होतो. जुन्या ग्वाल्हेरी पद्धतीचा विलंबित ख्याल तिलवाड्यात असतो आणि त्याची चाल किराण्याइतकी संथ नसते. पुणेकर अजून आवर्तनाच्या वळणावर असतो तोवर गवई मुखडा घेऊन समेवर उतरलेला असतो. संगीतशास्त्रात समेच्या अलीकडे येणाऱ्याला अनागत आणि पलीकडे जाणाऱ्याला अतीत म्हणतात. हे भेद गवयांसाठी केलेले असले तरी ते श्रोत्यांना अधिक चपखल बसतात. अनागत श्रोता उतावळा ठरतो, अतीत श्रोता सौजन्यशील. तो दुसऱ्यांच्या माना पाहून आपली हलवतो. अखिल भारतात बहुसंख्या अतीतांची आहे.

तिसरा प्रकार शास्त्रकारांनी सोडून दिला, तो आम्ही भरून काढतो: खालीपंथी. तिलवाडा सोळा मात्रांचा, त्याची खाली (टाळीविना जाणारी मात्रा) नवव्या मात्रेवर. बरोबर अर्ध्यावर असल्याने ती नवशिक्याला समेसारखी भासते आणि तो नेमका तिथे ‘वा!’ म्हणतो. या दोषाची मुळे ग्वाल्हेरच्या मातीतच खोल गेली आहेत. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या शिलालेखाचा काळ इसवी सन ८७६. त्यात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन व रोज ५० माळा दिल्याची नोंद आहे, आणि २७० व ५० मधली शून्ये आजच्यासारखी गोल कोरलेली आहेत. शून्याच्या जगातल्या फार जुन्या लेखी पुराव्यांत हा एक. पुढे १९१८ साली भातखंडे यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने याच शहरात माधव संगीत महाविद्यालय उभे केले. त्यांच्या स्वरलिपीत समेला फुली आणि खालीला शून्य! हजार वर्षांच्या अंतराने शून्य पुन्हा किल्ल्याखाली उतरले, आणि खालीपंथी श्रोता त्याच्यावर मान टाकून मोकळा झाला. या दोन शून्यांचा परस्परसंबंध आम्ही सिद्ध केलेला नाही. पण तो नाही, असेही अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

अर्थात आजच्या समारोहात सगळ्याच घराण्यांचे लोक गातात-वाजवतात. तेव्हा मान हलवण्यापूर्वी गवई कोणाचा शिष्य, एवढे तरी शेजाऱ्याला विचारून घ्यावे. विचारताना पुण्याच्या सुरात विचारू नये.

आता बाह्य उपाधी. डिसेंबरची रात्र ग्वाल्हेरला बोचरी असते, आणि मंडप हजिऱ्याला सूफी संत महंमद गौसच्या मकबऱ्याजवळ मोकळ्यावर. (मकबरा भव्य, कोरीव जाळ्यांचा, त्याच्या बाजूची छोटी छत्री तानसेनची. नवखे लोक हमखास मोठ्या इमारतीला तानसेन समजून नमस्कार करतात.) थंडीमुळे मफलर अपरिहार्य ठरतो. मफलरचे तीन वेढे घेतले की मान हलते, पण दिसत नाही. म्हणजे दाद दिली जाते, पोचत नाही. एक वेढा घेतला तर दाद पोचते आणि घसा बसतो. दोन वेढे घ्यावेत, असा आमचा निष्कर्ष आहे. माकडटोपी ज्येष्ठांना माफ.

गजक हे दुसरे संकट. थंडीत मोरेन्याकडची तिळाची गजक ग्वाल्हेरभर मिळते आणि ती खिशात नसलेला श्रोता विरळा. ती जितकी चांगली तितकी कुरकुरीत, आणि आलापीत दातांखाली गेली तर पुढच्या तीन रांगा वळून पाहतात. तानपुरे जुळेपर्यंत खाऊन टाकावी. राहिली तर तराण्याची वाट पाहावी. तिथे द्रुत लयीत दिर-दिर चालू असताना थोडेसे कुडुमकुडुम खपून जाते. टप्प्यात मात्र धोका आहे, कारण तिथल्या हरकती इतक्या बारीक की श्रोता खातो आहे की गवई गातो आहे, असा प्रश्न पडू शकतो.

सकाळच्या सत्राचे तंत्र वेगळे. ग्वाल्हेरच्या सकाळी बेडई, झणझणीत रस्सा आणि जिलबी यांवर सुरू होतात. रस्सा पोटात जातो तेव्हा आपण रस्त्यावर असतो, डोळ्यांत येतो तेव्हा मंडपात. त्याच वेळी कोणी तोडी आळवत असेल तर शेजारचे लोक आपल्याकडे आदराने पाहू लागतात. हा आदर निमूट घ्यावा, खुलासा करत बसू नये. जिलबी घेतल्यास अश्रू लवकर आटतात, असा अनुभव आहे. तेव्हा कीर्ती हवी असेल तर जिलबी टाळावी.

चिंचेचा पाला खाण्याविषयी. तानसेनच्या कबरीवरच्या चिंचेची पाने चघळली की गळा सुरेल होतो, ही समजूत इतकी बलवत्तर होती की गवयांच्या पिढ्यांनी पाला ओरबाडला. मूळ झाड आज नाही. आहे ते नंतरचे. श्रोत्याने पाला खाऊन काय साधायचे? त्याला गळा लागतच नाही. मानेवर गुणकारी असे झाड उपलब्ध नाही.

समारोहाच्या पहिल्या सकाळी मानेची खरी कसोटी लागते. परंपरेप्रमाणे शहनाई होते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे पठणही होते. ढोलीबुवांचा मठ नाथपंथी आणि मराठी वळणाचा, म्हणून मराठी माणूस हरिकथेला घरच्यासारखा डोलतो. पुढे मीलाद सुरू झाले की एकदम ताठ होऊन बसतो. तशी गरज नाही. त्या आवारात महंमद गौस आणि त्यांच्या भक्तांत गणला गेलेला तानसेन शेजारीशेजारी झोपले आहेत, आणि त्यांपैकी कोणी ताठ बसण्याचा आग्रह धरल्याचे ऐकिवात नाही.

मध्यंतरात शहराच्या लष्कर भागातले कोणी आजोबा भेटण्याची शक्यता असते. ते आपल्याला आधी हिंदीत विचारतात, आडनाव ऐकताच मराठीत येतात. ‘पुण्याचे का? या बसा. आमचे पणजोबा महाराजांबरोबर आले, मग कोण परत जातो!’ येथे मान हलवावी, मोकळेपणाने हलवावी, समेची वाट न पाहता. पुढे ते ग्वाल्हेरी गवई कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे किती जवळून ऐकले ते सांगू लागतील. तेव्हा आपण कोणाला ऐकले, हे सांगायच्या भानगडीत पडू नये.

अस्सल टँगोवाला चुकून याच गाडीने आला, तर त्याला जयविलास महालात न्यावे. १८७४ साली बांधलेल्या या महालाच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्याआधी छप्पर पेलेल का ते पाहायला वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. खालची जमीन पाहून त्याचे पाय शिवशिवतील. पण तिथे नाचता येत नाही, पाहता येते. आणि पाहायला मान वर करावी लागते, जी मुद्रा काबेसेओत अजिबात नाही.

शेवटी बेहट. तानसेनचे हे जन्मगाव ग्वाल्हेरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे, आणि समारोहाची एक सभा तिथेही होते. तिथले शिवमंदिर एका बाजूला कललेले आहे. तानसेनच्या आवाजाने ते कलले, असे गावकरी सांगतात. पाया खचला असावा, या तर्काला आम्ही किंमत देत नाही. प्रस्तुत शास्त्राच्या दृष्टीने ही दादच होय, आणि दिलेली दाद मागे न घेतल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. मात्र मंदिर समेवर कलले की खालीवर, हे आख्यायिकेत सांगितलेले नाही. तेवढा मुद्दा पुढील संशोधकांकडे सोपवतो.