टीसी आहे का टीसी?

छत्तीसगडातल्या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत माणसावर विश्वास ठेवतात, लोखंडावर नाही. आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडसमोर प्लेट उतरली की फोरमन आधी तिच्यावर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे ती भट्टीच्या कुठल्या खेपेतली ते सांगणारा आकडा, शोधतो. मग तो टेस्ट सर्टिफिकेटशी, म्हणजे आमच्या भाषेत टीसीशी, ताडून बघतो. तरीही मन खात असेल तर कोपरा ग्राइंडरला लावून ठिणग्या निरखतो. मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत.

अशा संस्कारांचा माणूस मी. मला आणि बायकोला गेल्या आठवड्यात ओसाकाहून आलेल्या भाच्याने ‘फाइन डाइनिंग’ला नेलं. हॉटेलचं नाव सांगत नाही. उजेड इतका मंद होता की पाटी मला धड वाचताही आली नाही. मेन्यूत मात्र ठळक होतं: ‘फार्म-टू-टेबल स्मोक्ड मलई पनीर स्टेक’.

“मामा, स्टेक म्हणजे खरा जपानच्या कोबे गोमांसाचा,” भाचा म्हणाला.

“हळू बोल रे,” हिने इकडेतिकडे बघितलं. छत्तीसगडात कत्तलबंदीचा 2004 चा कायदा आहे, त्यात गायच काय, म्हैससुद्धा येते. भाच्याने आवाज उतरवला, पण गाडी थांबवली नाही. ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाचंच जनावर हवं. मांसातल्या चरबीच्या जाळीला 12 पैकी किमान 6 गुण हवेत. प्रत्येक जनावराला दहा आकडी नंबर, वर वासराच्या नाकाचा ठसा!

मला त्या जनावराबद्दल एकदम आपुलकी वाटली. हीट नंबर असलेला बैल!

“आणि गंमत ऐका. 2012 पर्यंत कोबे जपानबाहेर जातच नव्हतं. तरी अमेरिकेतली हॉटेलं त्याआधी कित्येक वर्षं ‘कोबे बर्गर’ विकत होती.”

“आणि लोक खात होते?”

“डोळे मिटून. तोंडात विरघळतं म्हणायचे.”

एवढ्यात आमचा स्टेक आला. काळ्या पाटीवर पांढरी वीट, वर काचेची घुमटी, आत धूर. वेटरने घुमटी उचलली आणि आम्ही तिघेही खोकलो. तुकडा दाताखाली कुरकुरला, रबरासारखा परतून आला. मी वेटरला हळूच विचारलं, “भैया, इसका टीसी है क्या?”

“सर, टीसी तो ट्रेन में मिलेगा.”

तसा नियम पनीरलाही आहे. पाणी 60 टक्क्यांहून जास्त नको आणि कोरड्या भागात दुधाची चरबी निम्मी तरी हवी. दुधाची चरबी काढून पाम तेल घातलं की ते ‘अॅनालॉग’. ते विकायलाही हरकत नाही, फक्त तसं सांगून विकायचं. मेन्यूत धुराला ओळ होती, दुधाला नव्हती. म्हणजे बघा, गोमांसाचं सोंग घेतलेलं पनीर आणि कदाचित पनीरचं सोंग घेतलेलं तेल. बिल तेवढं अस्सल होतं. त्यावर नंबरही होता.

उरलेला तुकडा बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तो पाण्यात उकळला, थंड केला आणि प्रथमोपचार पेटीतलं टिंक्चर आयोडीन वर सोडलं. पिष्ट असेल तर निळं होतं. झालं नाही.

“पास!” भाच्याने टाळी वाजवली.

फोरमन चष्मा कपाळावर चढवून वाटीत वाकला. आयोडीनला पिष्ट कळतं, तेल कळत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “साहब, जंग नहीं लगी तो क्या स्टेनलेस हो गया?”

मग त्याने आवक रजिस्टर ओढलं. माल: पनीर, 1 नग. हीट नंबर: निरंक. शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहिलं: होल्ड.