दोन गोलार्धांचा संसार

अकोला-अमरावतीकडल्या ज्या खेड्यांत गाय माजावर आल्याचा निरोप जाताच पशुधन पर्यवेक्षक उणे 196 अंशांच्या द्रवरूप नत्रात बुडवलेली रेतमात्रा मोटारसायकलीवरून घेऊन येतो, कोमट पाण्यात ती अर्धा मिनिट धरून आपले काम उरकतो आणि वहीत वळूचा केवळ क्रमांक टिपून चहालाही न थांबता पुढल्या गावी निघतो, तेथील कास्तकारास शर्यतीच्या घोड्यांच्या खानदानी शिरस्त्याची कल्पना येणे कठीणच. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनास साफ मनाई असल्यामुळे घोड्याला घोडीपुढे जातीने हजर व्हावे लागते. आणि उत्तर गोलार्धातला हंगाम जूनच्या सुमारास आटोपला तरी दक्षिणेत तो सप्टेंबरात नव्याने सुरू होत असल्याने हे श्रीमंत विमानात बसून आयर्लंडहून ऑस्ट्रेलियास प्रस्थान ठेवतात. 1990 पासून या दुहेरी संसारात रमलेला डेनहिल नामक अश्वराज तर ऑस्ट्रेलियाचा अग्रगण्य प्रजनक नऊ वेळा ठरला.

संततीच्या वयाचा हिशेबही सरकारी दप्तरास शोभेल असाच: प्रत्यक्ष प्रसूती केव्हाही होवो, उत्तरेकडील यच्चयावत शिंगरांचा वाढदिवस 1 जानेवारी आणि ऑस्ट्रेलियातल्यांचा 1 ऑगस्ट! (आमच्याकडे शाळेत नाव घालताना सरसकट जून महिना लिहिणारे गुरुजी याच परंपरेतले असावेत.)

नळीतून जन्मलेले शिंगरू, बाप कितीही नामांकित असो, थरोब्रेडच्या वंशनोंदवहीत दाखल होत नाही. वऱ्हाडातली डेअरी मात्र दुधाला फॅट किती लागते एवढेच पाहते.