बालगीतांची आयात
चेन्नईकडच्या श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाईच्या मोटारी १९९८पासून बनतात. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी घरातलं पोर जे ‘बेबी शार्क’ दिवसभर लावतं, तेही कोरियनच. त्याचा कंटाळा आला, तर चुचू टीव्ही आहे. तो खास चेन्नईचा माल, २०१३पासून. पोराची सोय चोख! आईबाबांना मात्र मुलांसाठी ‘काहीतरी नवं, स्वतंत्र, मराठी’ हवं असतं. शोधाशोधीत रविवार जातो आणि हाती लागतं ‘नाच रे मोरा’. साल १९५३. (तेव्हा तेही नवंच होतं म्हणा.) कुणी संदीप-सलीलचं ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ सुचवलं, तर ‘हल्लीचं दिसतंय’ म्हणून नाक मुरडायचं. एखाद्या होतकरू गायकाने मुलांसाठी कार्यक्रम ठेवलाच, तर पहिली चौकशी ठरलेली: लहान मुलांना फुकट ना?